घरचा चित्रफीत-संग्रह आणि अपलोडचा हिशेब

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)

मित्रहो,

मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे सख्य कधीच नव्हते. तरीही आज एका गणिताविषयी बोलणार आहे, कारण ते वेळीच न केल्यामुळे माझी फजिती झाली.

वडिलांच्या कीर्तनांच्या चित्रफिती मी घरच्या संगणकावर जतन केल्या आणि परगावच्या भावंडांना त्या आपापल्या घरी पाहता याव्यात म्हणून त्या संगणकाचा सर्व्हर केला. वडिलांच्या स्मृतिदिनी चारही भावंडे एकाच वेळी पाहू लागली आणि पूर्वरंग संपण्यापूर्वीच चित्र थबकले. मी तातडीने अधिक वेगाची, अधिक दराची जोडणी घेतली. चित्र थबकतच राहिले.

कारण साधे होते. मी वाढविलेला वेग डाऊनलोडचा, म्हणजे घरात येणाऱ्या माहितीचा होता. सर्व्हर मात्र घरातून बाहेर देत असतो. त्यास अपलोडचा वेग लागतो. टाकी भरणारा नळ मोठा केला, तरी गावाकडे जाणारा नळ बारीक असेल तर लोकांना पाणी तेवढेच मिळणार! माझ्या दोन्ही जोडण्यांचा अपलोड वेग सेकंदास १० मेगाबिट एवढाच होता.

आता हिशेब पाहू. एक तासाचे कीर्तन १.८ गिगाबाइटचे होते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून १.८ ला ८ ने गुणले असता १४.४ गिगाबिट, म्हणजेच १४,४०० मेगाबिट होतात. तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागले की उत्तर येते सेकंदास ४ मेगाबिट. चार प्रेक्षकांसाठी १६ मेगाबिट झाले. परंतु ही सरासरी आहे. दृश्यागणिक दर कमीअधिक होतो आणि घरातील इतर वापरही असतो. म्हणून चौथा हिस्सा अधिक धरावा. गरज ठरली २० मेगाबिट. हाती होते १०.

उपाय खर्चाचा नव्हता. त्याच चित्रफितीची ०.९ गिगाबाइटची हलकी आवृत्ती तयार केली. दर २ मेगाबिटवर आला. चौघांचे ८ आणि राखीव २, असे १० मेगाबिटांत भागले. चित्राचा रेखीवपणा किंचित उणावला, पण पुढील स्मृतिदिनी कीर्तन अखंड चालले.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, आपण पाठांच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना घरून दाखविणार असाल, तर प्रेक्षकांची संख्या आधी ठरवा. अपलोडचा वेग सायंकाळच्या गर्दीच्या वेळी दोनतीनदा मोजा आणि त्यांतील सर्वांत कमी आकडा धरा. पंचायत सदस्यांनी नवी जोडणी घेताना अपलोडचा वेग लेखी मागावा. ऑप्टिकल तंतूवरील जीपॉन पद्धतीतही येण्याची क्षमता सुमारे २.५ गिगाबिट, तर जाण्याची सुमारे १.२५ गिगाबिट असते, आणि ती अनेक ग्राहकांत विभागली जाते.

पैसा खर्चण्यापूर्वी कागद-पेन्सिल हाती घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे. जय हिंद!