भूक आणि दाह

ज्वर आला म्हणजे तोंडाची चव जाते आणि पानावरचे अन्न नकोसे होते. गोठ्यातील गाईने वैरण सोडली, तर शेतकरी प्रथम तिच्या अंगाला हात लावून पाहतो. आजाराने भूक मरते, ही गोष्ट सर्वांच्या अनुभवाची आहे. परंतु घरातील सोळासतरा वर्षांची मुलगी ताट दूर सारू लागली, तर तिला ताप नाही एवढे पाहून घरची मंडळी निर्णय देऊन मोकळी होतात : हा हट्ट आहे, हे नखरे आहेत! हा निर्णय कित्येकदा जिवावर बेततो. कारण ज्या मनोविकारांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांत या अन्नत्यागाच्या विकाराची गणना होते.

१८७३ साली लंडनचे सर विल्यम गल यांनी या विकाराचे वर्णन केले आणि पुढे त्याला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्याच वर्षी पॅरिसच्या शार्ल लासेग यांनीही त्याचे स्वतंत्र वर्णन केले. गल यांच्यापुढे १८६६ साली आलेली एक रुग्ण सतरा वर्षांची होती आणि तिचे वजन अवघे ८२ पौंड होते. अशी कृश मुलगी पाहिली की क्षयाची शंका यावयाची. परंतु गल यांना तिच्या छातीत रोग आढळला नाही. नियमित अन्न देत गेल्यावर दोन वर्षांत ती १२८ पौंडांवर आली. शरीरात रोग नाही, तेव्हा दोष मनाचा, हा विचार त्यानंतर दीर्घकाळ प्रबळ राहिला.

तथापि भुकेचा कारभार केवळ मनाच्या हाती नाही. शरीरात जंतू शिरले वा इजा झाली, की संरक्षक पेशी जाग्या होतात आणि दाह उत्पन्न होतो. लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवली होती. या पेशी ‘सायटोकाइन’ नावाची प्रथिने निरोप्यांसारखी रक्तात सोडतात. त्यांचा निरोप मेंदूतील भुकेच्या केंद्रापर्यंत पोचला, म्हणजे अन्नावरील वासना उडते, ग्लानी येते आणि माणसांत बसू नयेसे वाटते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी व ब्रूस ब्यूटलर हे संशोधक, परोपजीवी जंतूंनी ग्रासलेले प्राणी इतके का झिजतात, याचा शोध घेत होते. त्यांनी वेगळे केलेले झिजवणारे द्रव्य म्हणजे ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ या नावाने आधीच ठाऊक असलेले सायटोकाइनच होय, हे १९८५ साली सिद्ध झाले.

मग अन्न टाकणाऱ्या मुलीच्या रक्तातही हेच निरोपे वावरत असतील काय? अनेक लहान अभ्यासांची २०१५ साली एकत्र छाननी झाली, तेव्हा अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत यांपैकी काही द्रव्ये निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक आढळली. अधाशीपणे खाऊन ओकून टाकण्याचा जो ‘बुलिमिया’ नावाचा विकार आहे, त्यात मात्र तशी वाढ दिसली नाही. शिवाय ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ ही दाहाची नेहमीची खूण अ‍ॅनोरेक्सियात उलट कमीच आढळते. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलींच्या नोंदी तपासून २०१९ साली असे दाखवण्यात आले, की बालपणी जंतुसंसर्गासाठी रुग्णालयात राहिलेल्यांत पुढे हे विकार काहीसे अधिक होतात. परंतु दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या, म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. अन्नावाचून त्यांना दुसरा विषय सुचेना. ते पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले, उदास झाले, माणसे टाळू लागले. म्हणजे उपासमार स्वतःच मन पालटवते. मग दाह हा अन्नत्यागाचे कारण की परिणाम? बहुधा येथे एक चक्र फिरत असावे. ते प्रथम कोठून फिरू लागते, हे प्रत्येक रुग्णात निराळे असू शकेल.

दाह शमवणाऱ्या औषधाने हा विकार बरा होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. उपचाराचा पाया अन्न हाच आहे. परंतु फार कृश झालेल्या रुग्णाला एकदम पोटभर वाढणे घातक ठरते. रक्तातील क्षार ढळून हृदय बंद पडू शकते. यास्तव हे काम वैद्याच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमानेच व्हावयास हवे. आप्तजन हे सर्वांत वाईट शुश्रूषक, असे गल यांचे मत होते. पुढे लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील प्रयोगांनी उलट दाखवले, की आईबापांना हाताशी धरल्यास कोवळ्या वयातील रुग्ण अधिक चांगले सावरतात.

ज्वराने अन्न टाकणाऱ्या मुलीला कोणी दूषण देत नाही. आई तिच्या उशाशी बसते. ताप न दाखवणाऱ्या या आजारातही मुलीला तीच जागा मिळावी आणि वेळ न दवडता वैद्याचे दार गाठले जावे.