फुरसत कोणाच्या मालकीची?

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. एरवी ज्या गल्ल्यांत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, तेथे त्या दिवशी शांतता पसरते. दुपारची नमाज आटोपली की तरुणांचे थवे चित्रपटगृहांच्या दिशेने निघतात. सहा दिवस धोट्याच्या गतीने चालणारे गाव सातव्या दिवशी स्वतःच्या गतीने चालू लागते. आजच्या विवेचनाचा विषय हा शुक्रवार आहे. त्या शुक्रवारवर पोट भरणाऱ्या आणि त्याच शुक्रवारच्या आधाराने एक छंद जोपासणाऱ्या एका तरुण दुकानदाराची हकीकत, हे त्याचे निमित्त.

एका छोट्या धंदेवाल्याच्या छंदाशी चळवळीचा काय संबंध, अशी शंका येथे कोणी घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही. अभ्यासवर्गांतून छोट्या मालकाचा उल्लेख होतो तो बहुधा एका वाक्यात. तो कुंपणावरचा वर्ग आहे, आज कामगारांच्या बाजूला आणि उद्या भांडवलाच्या बाजूला झुकणारा आहे, असे सांगून त्याची बोळवण होते. हे विवेचन अगदीच खोटे नाही. परंतु वर्गाचे नाव सांगितले म्हणजे माणूस कळला असे होत नाही. माणूस काय कमावतो यावरून त्याचा वर्ग कळतो. कमावून झाल्यावर उरलेल्या वेळाचे तो काय करतो, यावरून त्याची आकांक्षा कळते. आणि आकांक्षा न ओळखता कोणत्याही थराला चळवळीत आणता आलेले नाही.

प्रथम त्या गावाविषयी. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. १८५७च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेले मोमीन विणकर येथे येऊन स्थिरावले. पुढे वीज आली आणि हातमागांच्या जागी यंत्रमाग आले. शहराच्या मधून मोसम नदी वाहते. तिच्या एका तीरावर बहुसंख्येने मुसलमान राहतात, दुसऱ्या तीरावर बहुसंख्येने हिंदू. साथी निहाल अहमद यांच्यासारख्या समाजवादी नेत्याला या गावाने अनेकदा विधानसभेत पाठविले, हे येथील जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. मात्र उर्वरित महाराष्ट्राच्या स्मरणात मालेगाव राहिले ते २००१चा गोळीबार आणि २००६ व २००८ सालचे बॉम्बस्फोट यांमुळे. वर्तमानपत्रांत ज्या गावाचे नाव केवळ रक्ताच्या संदर्भात छापले जाते, त्या गावातील माणसे हसतात कशाला, हे विचारण्याची कोणास आठवण राहात नाही.

१९९०च्या दशकात नासिर शेख नावाचा तरुण या गावात व्हिडिओ पार्लर चालवीत असे. जोडीला लग्नसमारंभांचे चित्रीकरण हा त्याचा व्यवसाय. या धंद्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. एक खोली, एक दूरदर्शन संच, एक व्हिडिओ यंत्र, बसायला बाकडी किंवा सतरंजी, आणि दारावर जाहिरातीचा फलक. तिकीट असे की मागावरच्या मजुराला परवडावे. अशा दुकानाचा मालक म्हणविणारा माणूस सकाळी स्वतःच खोली झाडतो, दिवसभर तिकिटे फाडतो, वीज गेली तर प्रेक्षकांची समजूत घालतो आणि रात्री उशिरा हिशेब लिहितो. लग्नसराईत त्याचा दिवस मांडवात जातो. गावातील मागांचा धंदा बसला की त्याचाही बसतो, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे मागावरचा कामगारच. कापडाचा भाव सुरतेच्या किंवा मुंबईच्या बाजारात पडतो आणि त्याची झळ मालेगावातल्या पार्लरच्या गल्ल्याला लागते. मालकी त्याची, परंतु तिच्यावर सत्ता दूरच्या बाजाराची. छोट्या धंदेवाल्याचे सारे दुखणे या एका विसंगतीत आहे.

याच माणसाला एक वेड होते. पार्लरमध्ये येणारे चित्रपट तो नुसते दाखवीत नसे, ते पाहात असे. आणि चाप्लिन, बस्टर कीटन यांच्यासारख्यांचे मूकपट पाहून ते कसे घडले असतील याचा विचार करीत असे. चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था पुण्यात आहे, पण तिच्या दारापर्यंत जाण्याची ऐपत आणि पूर्वतयारी मालेगावच्या गल्लीत कोठून असणार? त्याने दोन व्हिडिओ यंत्रे एकमेकांना जोडली आणि एकातले दृश्य दुसऱ्यात उतरवीत, हवे ते ठेवीत व नको ते गाळीत, संकलनाची कला स्वतःच आत्मसात केली. धंद्याचे हत्यार फावल्या वेळी शिक्षणाचे साधन झाले.

२०००च्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. मुंबईच्या चित्रपटात तेवढ्यात एका दिवसाचा चहाफराळही होत नसेल. कॅमेरा लग्नाचा. नट म्हणजे मागावरचे कामगार आणि गल्लीतील मित्र. दरोडेखोरांना घोडे कोठून आणायचे? ते सायकलींवर स्वार झाले. गावाने हा चित्रपट डोक्यावर घेतला. त्यानंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला आणि त्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात दिसते ते मोठे उद्बोधक आहे. उंचावरून दृश्य टिपण्यासाठी क्रेन हवी, तर बैलगाडीच्या दांड्या वरखाली करून ती साधलेली आहे. आकाशात उडणारा नायक दाखवायचा, तर हिरवे कापड ताणून त्यापुढे त्याला आडवे धरले आहे. नायकाची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. अंगाने काटकुळा, आणि तांबड्या चड्डीची नाडी लोंबते आहे, असा हा सुपरमॅन आहे. चित्रीकरणात एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो, नायकाचे लग्न मध्येच निघते, काम थांबते आणि पुन्हा सुरू होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ही तर मुंबईच्या धंदेवाईक चित्रपटांची नक्कल झाली. शोषितांनी स्वतःच्या व्यथा मांडावयाच्या सोडून शोषकांच्या स्वप्नांची उसनवारी करावी यात कौतुक कसले? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, परंतु तो नक्कल आणि विडंबन यांत गल्लत करतो. नक्कल करणारा मूळ वस्तूपुढे हात जोडतो, विडंबन करणारा तिच्या खांद्यावर हात ठेवतो. अमेरिकेचा बलदंड महापुरुष मालेगावात आला तो तेथील गटारे, तेथील कचरा आणि तेथील तंबाखूचे व्यसन यांच्याशी झुंजण्यासाठी आला. आणि त्या झुंजीत धापा टाकू लागला. ज्या गावात नगरपालिकेची महानगरपालिका झाली तरी गटारे उघडीच राहिली, तेथील प्रेक्षक त्या धापेला हसतो तेव्हा त्याला नेमके काय कळलेले असते, हे एखाद्या ठरावापेक्षाही स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या खटपटीत दुकानदार आणि कामगार एकत्र आले. फरोग जाफरीसारखा लेखक संवाद लिहितो, मागावरचा मजूर नायक होतो, कोणी कपडे शिवतो, कोणी गाडी देतो. मोबदला मिळाला तर मिळाला. बाजाराच्या नियमाने पाहिले तर हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण माणसे नफ्याखेरीज कशासाठीही एकत्र येत नाहीत, हा भांडवलशाहीचा लाडका सिद्धान्त आहे, आणि मालेगावच्या गल्लीने तो कोणतेही पुस्तक न वाचता खोटा ठरविला. समाजवादी समाजात माणूस काम संपल्यावर काय करील, असा प्रश्न विरोधक खोचकपणे विचारतात. त्याचे उत्तर येथे बैलगाडीच्या दांडीवर बसलेले आहे.

येथवरची कथा आनंदाची आहे. तेथेच थांबले तर ती श्रीमंत वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत शोभून दिसेल: गरीब असूनही पाहा कसे हसतात! खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. या छंदासाठी लागणारा वेळ कोणाजवळ किती होता?

दुकानदाराला आपल्या वेळाची थोडी मोडतोड करता येत होती. दुकान भावाकडे किंवा मित्राकडे सोपवून चार तास बाहेर पडता येते. फार तर त्या दिवसाचा गल्ला बुडतो. मागावरच्या कामगाराला ही सोय नाही. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, कापडाच्या मापावर मजुरी, माग थांबला की कमाई थांबली. नायकाची भूमिका करण्यासाठी त्याने घेतलेला प्रत्येक दिवस हा त्याच्या चुलीतून काढलेला दिवस आहे. एकाच चित्रपटात काम करणाऱ्या या दोघांमधला फरक पैशाचा कमी आणि वेळाचा अधिक आहे. आणि तिसरा घटक तर पडद्यावरच नाही. मालेगावच्या या चित्रपटांसाठी गावातील स्त्रिया पुढे येऊ शकल्या नाहीत. स्त्री-भूमिकांसाठी नटी बाहेरून आणाव्या लागल्या. रूढीचे बंधन हे एक कारण झाले. पण शुक्रवारी माग बंद असले तरी चूल बंद नसते, हे दुसरे. ज्या घरातील पुरुषाला आठवड्यातून एक दिवस मिळतो, त्या घरातील स्त्रीला एकही मिळत नाही.

साप्ताहिक सुटी ही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे, याचे स्मरण महाराष्ट्राला तरी असावयास हवे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ही मागणी मांडली आणि १८९०मध्ये रविवारची सुटी मिळाली. त्याआधी रॉबर्ट ओवेन यांनी इंग्लंडमध्ये दिवसाचे तीन समान भाग करावयास सांगितले होते: आठ तास काम, आठ तास मनोरंजन व आठ तास विश्रांती. पॉल लाफार्ग यांनी १८८०मध्ये आळसाच्या हक्कावर लेखमाला लिहिली, तेव्हा अनेकांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. कामगार स्वतःच कामाची पूजा करू लागला तर त्याच्या गुलामगिरीला शेवट राहणार नाही, असा तो इशारा होता.

स्वतंत्र भारतात १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असतील तरच तो कायदा लागू होत असे. यंत्रमागाच्या धंद्याने यातून काढलेली पळवाट सर्वांना ठाऊक आहे. एकाच छपराखालचे माग भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर दाखविले की दहाचा आकडा भरत नाही. २०२०मध्ये संसदेने मंजूर केलेल्या संहितेने ती वेस दहावरून वीसवर नेली. कायद्याचा हात जेथे मुळातच पोहोचत नव्हता, तेथून तो आणखी मागे घेतला गेला. छोटा मालक यात एकाच वेळी गुन्हेगार आणि बळी आहे. कामगाराचे बारा तास तो घेतो, कारण सूत देणारा आणि कापड उचलणारा व्यापारी त्याच्या हाती आठ तासांचा हिशेब जुळेल इतका भाव ठेवीत नाही. म्हणून त्याला कामगाराविरुद्ध उभे करणारे राजकारण सोपे आहे. दोघांनाही व्यापाऱ्यासमोर उभे करणारे राजकारण अवघड, पण खरे आहे.

‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २०१२मध्ये देशातील चित्रपटगृहांत झळकला. तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगाने त्याला त्याआधीच नेले होते. पडद्यावर साऱ्या गावाला वाचविणारा हा कामगार होता, आणि पडद्याबाहेर त्याला वाचवू शकेल अशी कोणतीही व्यवस्था या गावाने, या राज्याने त्याच्यासाठी उभी केलेली नव्हती. पुढे या मित्रमंडळीच्या कथेवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट केला. २०२४च्या सप्टेंबरात तो टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २०२५मध्ये भारतभर प्रदर्शित झाला. गल्लीतल्या छंदाची दखल मुंबईने घेतली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण टोरांटोत टाळ्या वाजत असताना मालेगावात पाळी बारा तासांचीच होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

मित्रहो, कार्यकर्ता वस्तीत जातो तो मजुरीचे दर, रेशनकार्ड आणि मतदारयादी घेऊन जातो. ती कामे करावीच लागतात. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय त्याने लावून घ्यावी: काम संपल्यावर तू काय करतोस? या प्रश्नाला किराणा दुकानदार सांगेल की तो भजने लिहितो. सायकल दुरुस्त करणारा सांगेल की त्याला बुद्धिबळाचा नाद आहे. शिलाईकाम करणारी स्त्री कदाचित नुसतीच हसेल आणि सांगेल की तिचे काम संपतच नाही. या उत्तरांमध्ये चळवळीच्या मागण्या दडलेल्या आहेत. आठ तासांची पाळी, दहा-वीसच्या वेशीबाहेरच्या कामगारालाही कायद्याचे छत्र, प्रत्येक वस्तीत संध्याकाळी उघडे राहणारे वाचनालय व सभागृह, स्त्रीचे घरातले ओझे हलके करणारे पाळणाघर, आणि दुखणे आले तर घरदार विकावे लागू नये असा दवाखाना. यांपैकी एकही मागणी नवीन नाही. त्या कशासाठी हव्यात, हे मात्र नव्याने सांगावे लागेल.

भाकरीचा लढा माणसाला जिवंत ठेवण्यासाठी असतो. जिवंत राहून त्याने काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाचा नाही. तो त्याचा आहे. पक्षाचे काम इतकेच की ते ठरविण्यापुरता वेळ त्याच्या हाती उरावा. मालेगावच्या त्या दुकानदाराला आणि त्याच्या मागवाल्या मित्रांना आठवड्यात एक शुक्रवार मिळाला, तर त्यांनी एका चित्रपटसृष्टीची उभारणी केली. दररोजच्या संध्याकाळी त्यांच्या हाती आल्या असत्या तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. आणि त्या संध्याकाळी त्यांच्याकडून कोणी घेतल्या, याचा हिशेब मागावा.