चढणीचं शहर आणि आपली पाखाडी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर इथे बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील, म्हणून मी विषय बदलून घेतला. मागच्या जुलैत ऑफिसच्या कामासाठी मी पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोला गेले. काम शुक्रवारी संपलं, परतीचं विमान सोमवारचं. लग्नानंतर असे सलग दोन दिवस फक्त माझे म्हणून मिळाल्याचं मला आठवत नाही. ठरवलं की टॅक्सी नाही, टूरची बस नाही, शहर पायी बघायचं. त्याबद्दल थोडं सांगते. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

हे शहर साधारण ११ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद. तीन बाजूंना पाणी आणि मध्ये टेकड्याच टेकड्या. १८४७ मध्ये जॅस्पर ओफॅरेल या मोजणीदाराने त्याची आखणी केली ती गणिताच्या वहीसारखी, सरळ रेघा आणि काटकोन. पुढे शहर वाढलं तशी तीच चौकट टेकड्यांवर चढत गेली. त्यामुळे तिथले बरेच रस्ते टेकडीला वळसा न घालता नाकासमोर वर जातात. फिल्बर्ट स्ट्रीटच्या एका तुकड्याचा चढ ३१.५ टक्के आहे. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना साडेएकतीस मीटर वर! आपले घाट वळणं घेतात ती असा चढ टाळण्यासाठीच. उतारावर गाडी लावली की पुढची चाकं फुटपाथच्या कडेला टेकतील अशी वळवून ठेवायची, असा तिथे नियम आहे. ब्रेक सुटला तरी गाडी तिथेच अडते.

भूगोलाच्या बाई इथे समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही शिकवलेल्या समोच्च रेषा मला पंचेचाळिसाव्या वर्षी उपयोगी पडल्या. हॉटेलवर मी उंची दाखवणारा नकाशा काढला. जिथे रेषा एकमेकींना चिकटलेल्या, तो रस्ता सोडायचा आणि शेजारच्या आडव्या गल्लीने थोडं पुढे जाऊन वर चढायचं. चार पावलं जास्त पडतात, पण गुडघे वाचतात. चढताना फक्त दम लागतो, गुडघ्याचं दुखणं उतरताना कळतं. म्हणून उतरणीला मी सरळ बस पकडत होते.

तिथली केबल कार तुम्ही सिनेमात पाहिली असेल. तिच्यात इंजिनच नसतं. रस्त्याखालच्या खाचेतून पोलादी दोर ताशी साधारण १५ किलोमीटर वेगाने सतत फिरत असतो. चालक एका मोठ्या दांड्याने तो दोर चिमट्यात पकडतो, की गाडी निघाली. सोडला आणि ब्रेक लावला, की थांबली. अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ मध्ये ही सोय सुरू केली. १९४७ मध्ये महापौर ती मोडीत काढायला निघाले, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन नावाच्या बाईंनी शहरातल्या महिलांना उभं करून ती वाचवली. दोर फिरवणारी मोठी चाकं आजही बघता येतात, तिथल्या संग्रहालयात, तेही फुकट. मी तिथे तासभर उभी होते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यंत्र बघून एवढा आनंद झाला नव्हता.

आणि धुकं! जुलैत मी अंगावर स्वेटर, वर जॅकेट घालून फिरत होते. आतल्या खोऱ्यात ऊन तापलं, की समुद्रावरची गार हवा धुक्यासकट गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते. दुपारी ऊन, तासाभरात समोरचा पूल गायब.

सगळंच सुंदर होतं असं नाही. शहराच्या मध्यभागी फुटपाथवर तंबू टाकून राहणारी माणसं आहेत. एवढ्या श्रीमंत गावात माणसं उघड्यावर झोपतात, हे गाडीच्या काचेतून एक क्षण दिसतं. पायी जाताना त्यांच्या शेजारूनच जावं लागतं.

वुड स्ट्रीट नावाच्या छोट्या रस्त्यावर गदर स्मारक आहे. १९१३ मध्ये ‘गदर’ हे पत्र याच शहरातून निघू लागलं. आपल्या तळेगाव ढमढेरे गावचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेले, या चळवळीत सामील झाले, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेले. मीही इंजिनिअर. त्या दारासमोर मी बराच वेळ उभी राहिले, एवढंच सांगते.

आता मूळ मुद्दा. जिथे रस्ता चढूच शकत नाही, तिथे त्या लोकांनी पायऱ्या केल्या आहेत. म्हणजे आपली पाखाडीच. टेलिग्राफ हिलच्या उतारावर फिल्बर्टच्या पायऱ्या आहेत. त्यांच्या कडेला पूर्वी कचरा टाकत. ग्रेस मर्चंट नावाच्या बाई १९४९ मध्ये तिथे राहायला आल्या, त्यांनी कचरा उपसून बाग केली. आज ती बाग त्यांच्याच नावाने ओळखतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला १६३ पायऱ्यांचा एक जिना आहे. २००५ मध्ये शेजारपाजारच्या ३०० हून जास्त लोकांनी कलाकारांच्या मदतीने त्यावर रंगीत तुकड्यांचं चित्र बसवलं. खालून वर बघितलं, की समुद्रापासून आकाशापर्यंत एकच चित्र.

ते बघताना मला आपली बाजारातून शाळेकडे येणारी पाखाडी आठवली. आपण सगळे तिच्यावरून वर आलो. आज सकाळी मी मुद्दाम तिच्यावरून आले. मधल्या टप्प्यात जांभ्याचे दगड निखळलेत, पऱ्याजवळचा कठडा पडला आहे, शेवाळ तर विचारूच नका. मुलं आता डांबरी रस्त्याने येतात. त्याला फुटपाथ नाही आणि चिऱ्याचे ट्रक सुसाट येतात. ज्यांना रिक्षा परवडते ती रिक्षाने, बाकीची रस्त्याच्या कडेने. बाई मघाशी म्हणाल्या, “गुडघे ठीक आहेत गं, पण त्या दगडांची भीती वाटते, म्हणून बाजारात उतरणं सोडलं.”

आपल्या बॅचने शाळेला प्रवेशद्वार बांधून द्यायचं ठरवलं आहे, आपल्या नावाच्या पाटीसकट. माझी विनंती आहे की ते पैसे पाखाडीला द्या. पाटी नको. निखळलेले दगड बसवू, कठडा उभा करू, दोन दिवे लावू. ग्रामपंचायतीची परवानगी लागेल, तो अर्ज मी लिहून आणला आहे. उद्या सकाळी ७ वाजता मी टेप घेऊन खालच्या पायरीशी थांबते. आपल्या वर्गातला एक जण आज मोठा कंत्राटदार आहे. त्याने गवंड्याला सोबत आणावं, एवढंच त्याला सगळ्यांसमोर सांगते. बाकीच्यांनी पायात धड चपला घालून या.