हमी सरल्यावर

अमेरिकेंत जुनी पोर्शे मोटार घेणाऱ्या कित्येकांवर एक संकट ओढवलें. इंजिनांतील एक लहानसें बेअरिंग मोडे आणि सबंध इंजिन निकामी होई. हमीची मुदत तर केव्हांच सरलेली! अशा वेळीं कारखाना खर्चाचा वाटा उचलतो तो सौजन्यानें. तो हक्क नव्हे. म्हणून दुरुस्तीपूर्वींच मागणी करावी, आणि संतापाऐवजीं तेलबदलाच्या पावत्या पुढें ठेवाव्या. पुढें मालकांनीं सामुदायिक दावा लावला. २०१३ सालच्या तडजोडीनें २००१ ते २००५ मधील कांहीं बॉक्स्टर व ९११ गाड्यांना १० वर्षें किंवा १,३०,००० मैलांपर्यंत भरपाई ठरली. पण तेथेंही खर्चाचा पुरावा लागलाच. तात्पर्य, जुनी गाडी घेणारानें किल्लीबरोबर पूर्वमालकाच्या पावत्याही मागून घ्याव्या.