शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप कशासाठी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘तो मोबाइल खाली ठेव आणि अभ्यासाला बस’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी कधी ना कधी उच्चारले गेले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्याच आईवडिलांवर ‘मोबाइल घे आणि अभ्यासाला बस’ असे म्हणायची वेळ आली. धाकट्या वर्गांच्या शाळा तर बहुतेक ठिकाणी दीड वर्षाहून अधिक काळ बंद होत्या. त्या काळात वर्गावर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाले. पुढे शाळा उघडल्या. ग्रुप मात्र राहिले. त्यांचे आता काय करायचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना फोनविषयी विचारले गेले. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्के मुले आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांवर जाऊन आली होती. फोनवर अभ्यासाचे काही केले असे सांगणारी मुले होती ५७ टक्के. म्हणजे मुले तिथे आधीच पोचलेली आहेत. शाळेने तिथे जावे की नाही, या वादात आता फारसा जीव नाही. जाऊन करायचे काय, एवढेच ठरवायचे आहे.

आज बहुतेक वर्गांच्या ग्रुपवर काय दिसते? सकाळी सुविचार, दुपारी सूचना, संध्याकाळी स्वाध्यायाच्या पानाचा फोटो, आणि त्याखाली एकामागून एक चाळीस नमस्कार करणारे हात. भिंतीवरचा सूचनाफलक काढून फोनमध्ये टांगला, एवढाच काय तो फरक. प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझी बरीच वर्षे गेली. त्यातून माझे असे मत झाले आहे की, मुलांपर्यंत आणखी काही पोचवणे हा या माध्यमाचा सर्वांत कमी महत्त्वाचा उपयोग आहे. मुलाला काही सांगायचे असावे आणि ते ऐकायला पलीकडे कोणीतरी असावे, ही सोय शाळेजवळ पूर्वी फारशी नव्हती. ती आता आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. फोन त्या चौकोनावर धरला की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. डिसले गुरुजींना २०२० साली ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले, दहा लाख डॉलरचे, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. काम मोठेच. पण कोडामुळे पाठ मुलापर्यंत येतो. मुलाचा आवाज गुरुजींपर्यंत परत जायचा असेल, तर त्याच फोनवरचे ध्वनिमुद्रणाचे बटण दाबावे लागते. ते बटण आपण विसरतो.

साधे वाचन घ्या. तिसरीचा वर्ग, तीस मुले, पस्तीस मिनिटांची तासिका. प्रत्येकाला दोन मिनिटे मोठ्याने वाचू द्यायचे म्हटले तर तासभर जातो. म्हणून वर्गात वाचतात ती पुढच्या बाकावरची चार-पाच मुले, आणि मागच्या बाकावरची वर्षभर ‘समूहवाचना’त ओठ हलवतात. हीच दोन मिनिटे मुलाने घरून फोनवर बोलून पाठवली तर? रोज सहा मुले, आठवड्याच्या पाच दिवसांत अख्खा वर्ग. शिक्षकाला रोज बारा मिनिटे ऐकावे लागते, फार नाही. शिवाय घरी मूल एकदा वाचून गप्प बसत नाही. अडखळले की पुसून टाकते, पुन्हा वाचते, तिसऱ्यांदा वाचते. पाठवायच्या आधी झालेली ही तीन वाचने खरी कमाई आहे.

यात एक गोष्ट सांभाळावी लागते. फोन मुलाचा नसतो. बहुधा वडिलांचा असतो आणि वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. घरात तीन भावंडे असली की संध्याकाळी त्यांच्यात ओढाताण होते. म्हणून ‘दुपारी चारपर्यंत पाठवा’ अशी सूचना देणाऱ्या शिक्षकाला घर ठाऊक नाही, असे मी म्हणेन. दोन दिवसांची सवड द्यावी, आणि ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांचे वाचन शाळेच्या फोनवर शाळेतच घ्यावे. त्यांची नावे मात्र कोणाला कळू देऊ नयेत.

आता दोन शाळांची गोष्ट. कोकणातली एक शाळा आणि मराठवाड्यातली एक, दोन्ही साध्या. मुलांनी पाऊस मोजायचा आणि रोज सकाळी आकडा एकमेकांना कळवायचा. पाण्याची सरळ भिंतीची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून पाणी ओतायचे आणि त्या पाण्याच्या रेषेला शून्य मानून बाहेरून पट्टी चिकटवायची. खर्च जवळपास नाहीच. कोकणात एका दिवसात दीडशे मिलिमीटर पाऊस पडला तर कोणी नवल करत नाही. मराठवाड्यात जूनचा अख्खा महिना साधारण तेवढ्यावर भागतो. भूगोलाच्या पुस्तकात हे छापलेले असतेच. पण पलीकडून मुलगी जेव्हा विचारते, ‘आज शून्य? काल पण शून्य? मग तुमच्या विहिरीचं काय?’, तेव्हा उत्तर शोधायला विहिरीपर्यंत जावे लागते. गणितही आपसूक येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर, तर छपरावर सत्तर हजार लिटर पडले. ते जाते कुठे? हा प्रश्न एकदा वर्गात निघाला की घंटा झालेली कळत नाही.

भाषेचेही असेच. तांड्यावर गोरमाटी बोलतात, सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी, गडचिरोलीत गोंडी. पहिलीत आलेले मूल शाळेच्या मराठीपुढे मुके होते. आजीकडून भाज्यांची, झाडांची, धान्याची नावे बोलून घ्या, ती ग्रुपवर पाठवा, आणि शिक्षकाने ती वर्गात सगळ्यांना ऐकवावीत. त्या दिवशी शब्दांची शिदोरी घरून शाळेत आलेली असते.

शिक्षक स्वतःही या माध्यमातून शिकले, हे सांगायलाच हवे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले आणि तिथल्या रंगवलेल्या फरशा, दशकाचे गठ्ठे, शब्दपट्ट्या यांचे फोटो फोनाफोनी दूरच्या एकशिक्षकी शाळांपर्यंत पोचले. एकट्याने शाळा चालवणाऱ्या माणसाला असा सोबती मिळणे फार मोलाचे. अर्थात त्याच फोनवर दुसराही एक ग्रुप असतो, जिथे वरून ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असा निरोप तास चालू असतानाच येतो, आणि खिचडी वाढण्याआधी तिचा फोटो काढावा लागतो. असो.

धोक्यांविषयी थोडे बोलू. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. चाळीस मुलांच्या आयांचे नंबर चाळीस घरांत उघडे पडतात, आणि नको त्या माणसाचा फोन रात्री येतो तो त्यातूनच. केवळ सूचना द्यायच्या असतील तर ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ वापरावी. तीत एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र शिक्षकाचा नंबर ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, हे पालकसभेत सांगून ठेवावे. मुलांचे फोटो शाळेच्या पानावर टाकताना नाव, इयत्ता आणि गाव एकत्र देऊ नये. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, आणि तिची वैयक्तिक माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, पण पालकांना विचारायला तोवर थांबायचे कारण नाही. गुणपत्रिका किंवा ‘अभ्यास न केलेल्यांची यादी’ ग्रुपवर टाकणे तर मला सरळ क्रूरपणा वाटतो.

याहून गंभीर गोष्ट अफवांची. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच माणसांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे असे निरोप त्या दिवसांत फोनवरून फिरत होते. मारले गेलेले लोक नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. केरळात कण्णूर जिल्हा प्रशासनाने सुमारे दीडशे सरकारी शाळांमध्ये खोटे निरोप ओळखायचे वर्ग घेतले. आपल्याकडे यासाठी वेगळा विषय नको, वेगळे पुस्तकही नको. आठवड्यातून एकदा, मराठीच्या तासाला, घरी आलेला एक निरोप मुलांनी फळ्यावर लिहावा. हे कोणी लिहिले? कधी? ‘उद्यापासून’ म्हणजे कोणत्या तारखेपासून? फोटोतल्या दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे? सातवीतली मुले हे प्रश्न भराभर विचारू लागतात आणि घरी जाऊन काकांनाही विचारतात. काकांना ते आवडतेच असे नाही.

मोठ्या मुलांना मराठी विकिपीडियाही दाखवावा. तिथे लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास’ असा दुवा असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला, ते त्यात ओळीने दिसते. छापलेले म्हणजे खरे, ही समजूत ढिली व्हायला तो दुवा पुरतो.

शेवटी ऊसतोडीच्या मुलांविषयी. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या भागांतून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहे आहेत, तरी बरीच मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि शाळेतली त्यांची जागा पाच-सहा महिने रिकामी राहते. पण आता बापाच्या खिशात फोन असतो. एक शिक्षिका रात्री आठनंतर, माणसे कोपीवर परतल्यावर, आपल्या वर्गातल्या अशा चार मुलांना आवाजी निरोप पाठवत असत. लांब चित्रफीत नाही. ती उतरवून घ्यायला पैसे पडतात. नाव घेऊन हाक, एक परिच्छेद, एक प्रश्न. उत्तर कधी दुसऱ्या दिवशी येई, कधी चौथ्या, मागे ट्रॅक्टरचा आवाज. बाई ते सकाळी वर्गात लावत. एकदा वर्गातल्या मुलांनीच प्रश्न पाठवला, ‘तिथला ऊस किती उंच आहे? मोजून सांग.’ तिच्याजवळ पट्टी नव्हती. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘सहा कोयते आणि वर एक वीत.’ मग वर्गात एकाने घरून कोयता आणला, बाईंनी धारेला फडके गुंडाळले आणि मुलांनी तो पट्टीने मोजायला घेतला.