राता भाताचं बी घरात राहू द्या

आज आम्ही बचत गटाच्या बायका तुमच्याशी खारातल्या भाताविषयी बोलणार आहोत.

रायगडच्या खाडीकाठी आपली कितीतरी शेतं खारजमिनीत आहेत. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाने मीठ धुऊन निघालं की भात लावायचं, ही आपली जुनी रीत. पण समुद्र आता वर चढतो आहे. 1901 ते 2018 या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वाढली. आता तर वाढीचा वेगही जास्त आहे. वीतभर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण उधाणाचं पाणी बांधावरून आत यायला तेवढं पुरतं. बांधाला खांड पडली की उभं शेत खारं होतं.

असा खार सोसणारी भातं आपल्याकडे होतीच: काळा राता आणि भुरा राता. गोव्याच्या खाजन शेतीतलं कोरगुट त्याच जातकुळीचं. उतारा कमी म्हणून ही भातं मागे पडली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 ही खार सोसणारी सुधारित वाणं दिली आहेत. ती जरूर लावा. पण राता दुकानात मिळत नाही, त्याचं बी घरातच असतं. शेत दोन-तीन हंगाम पडीक राहिलं तर तेही जातं, कारण आपल्या दमट हवेत जुनं भात उगवेनासं होतं. मग पैसे देऊनही ते मिळायचं नाही.

म्हणून प्रत्येक गटाने एवढं करावं. गावात कुणाकडे राता आहे ते म्हाताऱ्या बायकांना विचारा. पसाभर बी मिळालं तरी दरवर्षी एका वाफ्यात लावा. चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून, कडक वाळवून ठेवा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधा. ऐंशी उगवले तर बी चांगलं. सगळं बी एकाच घरी ठेवू नका. तीन घरी ठेवा, म्हणजे एकीच्या शेतात पाणी शिरलं तर दुसरीकडे उरेल. आणि बांधाबाहेरची तिवरं तोडू देऊ नका. लाटेचा मार आधी तीच झेलतात.

बचतीच्या पेटीत आपण पैसे जपतो. त्याच जिवापाड हे बी जपू या.