कळीचा मुद्दा



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. पण त्या विषयातलं तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी आज गंजलेल्या स्विचांवर बोलणार आहे. माझे बाबा स्विचला अजून कळ म्हणतात, तेव्हा हा खरोखरच कळीचा मुद्दा आहे.

बाबांची प्रीमियर पद्मिनी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. सहलीच्या दिवशी पहाटे आम्हा सहा मुलींना कोंबून ती एस.टी. स्टँडवर यायची. 1984चं मॉडेल, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेलं, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. मुळात ही इटलीची फियाट 1100. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरात पोचली आणि ऑक्टोबर 2023मध्ये टॅक्सी म्हणून तिथल्या रस्त्यांवरून निरोप घेऊन गेली.

आमची मात्र घरीच होती. बाबांचे हात थरथरायला लागले, उपचारांसाठी ते माझ्याकडे पुण्याला आले आणि गाडी तीन वर्षं रत्नागिरीच्या घरी पत्र्याखाली उभी राहिली. खासगी पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची पाळी 2024मध्ये आली. गाडी सुरू झाली, पण दोन्ही हेडलाइट पिवळे, मिणमिणते. उजवा इंडिकेटर बंद. वायपर ढिम्म. अशी गाडी तपासणीला नेणार कशी?

एका मेकॅनिकने सांगितलं, "सगळं वायरिंग बदला, नाहीतर भंगारात काढा." परदेशातल्या भावाचं मत भंगाराचं पडलं. खरं सांगते, माझंही तेच होतं. बाबा एवढंच म्हणाले, "वायरिंग चांगलं आहे. कळा धरल्यात." आणि त्या रात्री त्यांनी दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून आपल्या कपाटात ठेवली. ते पाहिल्यावर मी चार दिवसांची रजा वाढवून घेतली.

मी मल्टिमीटर आणला. स्विचच्या दोन टोकांना लावला, तर बीप वाजला. म्हणजे स्विच ठीक! मी तसं बाबांना ऐकवलंही. ते म्हणाले, "दिवा लावून बघितलंस का?"

सर, इथे मला तुमचा तास आठवला. फळ्यावर तुम्ही लिहायचात, व्ही बरोबर आय गुणिले आर, आणि आम्ही ते मार्कांपुरतं पाठ करायचो. मल्टिमीटर बीप वाजवताना अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. दोन हेडलाइट मात्र मिळून जवळपास दहा अँपिअर ओढतात. बीप वाजवायला जो गंज आड येत नाही, तो दहा अँपिअरला आड येतो. मग मी दिवे लावले, मीटर डीसी व्होल्टवर ठेवला आणि त्याच दोन टोकांना धरला. चांगल्या स्विचवर जवळजवळ शून्य दिसायला हवं. आमच्या स्विचवर दीड व्होल्ट दिसला.

दीड व्होल्ट आणि दहा अँपिअर म्हणजे पंधरा वॉट उष्णता. डॅशबोर्डच्या आत एक लहान सोल्डरिंग आयर्न पेटत होती म्हणा ना. आणि बारातला दीड व्होल्ट वाटेत खर्च झाला की बल्बचा उजेड तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतो. बल्ब बदलून, बॅटरी बदलून काही होणार नव्हतं. आमच्या कामात आम्ही हेच बोलत असतो की चाचणीत पास झालेला प्रोग्रॅम खऱ्या भारावर कोसळतो. एवढं बोलून मी बीपवर विश्वास ठेवला होता.

पुढचं काम बाबांच्या देखरेखीखाली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. प्रत्येक वायरचा फोटो काढायचा, तिला चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा. स्विच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडायचा, कारण आतली स्प्रिंग उडाली तर ती पुन्हा सापडत नाही. आत पाहिलं तर पितळेवर हिरवा थर. आपल्या गावचा खारा वारा! व्हिनेगर आणि चिमूटभर मिठात भाग बुडवले, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतले, साध्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवले. अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. पातळ व्हॅसलीन लावून स्विच बंद केला. पुन्हा मोजलं, तर व्होल्टाच्या दहाव्या भागाहूनही कमी. संध्याकाळी समोरच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला आणि आई तुळशीपाशी निरांजन घेऊन तशीच उभी राहिली.

इथे थांबले तर खोटं होईल. इंडिकेटरच्या स्विचवर मी उत्साहाने पेपर जरा जोरातच घासला. त्याच्या टोकांवर चांदीचा पातळ मुलामा होता, तो मी खरवडून काढला. बाबा "पुरे, पुरे" म्हणत होते. मी म्हटलं, "बाबा, इंजिनिअर कोण आहे?" महिन्याभरात तो स्विच पुन्हा बंद पडला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथून दुसरा आणावा लागला. बाबा मला काही बोलले नाहीत. नवा स्विच हातात घेऊन त्यांनी तो कानाशी नेला आणि टिक्-टिक् वाजवून पाहिला.

लहानपणी गाडीचं काम निघालं की बाबा पाना दादाच्या हातात द्यायचे आणि टॉर्च माझ्या. मी टॉर्च धरून सगळं पाहिलं, पण स्क्रू एकही फिरवला नाही. नंतर डिग्री घेतली, तरी तो राग मनात राहिलाच होता. या वेळी टॉर्च बाबांच्या हातात होता. हात थरथरत असल्याने उजेड सारखा हलायचा, म्हणून त्यांनी कोपर दाराला टेकवलं आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं. तीन तास. मी बोलायचं ठरवलेलं होतं, पण मग काही बोलले नाही.

गाडी तपासणीत पास झाली. बाबा आता चालवत नाहीत, शेजारी बसतात आणि मी गिअर बदलताना डोळे मिटून घेतात. आज ते मागच्या रांगेत बसले आहेत आणि गाडी फाटकाबाहेर उभी आहे. सर, घरी जायला रिक्षा पाहू नका.

बाकीच्यांसाठी त्यांचा निरोप आहे: घरी जुनी गाडी असेल तर महिन्यातून एकदा तिची प्रत्येक कळ दहा वेळा चालू-बंद करा. आतली टोकं एकमेकांवर घासली की आपोआप स्वच्छ राहतात. न वापरलेली कळच आधी धरते.